खोक्यावर ४.७, स्क्रीनवर २.३

लॅपटॉपचा प्रोसेसर जाहिरातीतला टर्बो, म्हणजे थोड्या वेळापुरता मिळणारा सर्वाधिक, वेग गाठत नाही, अशा तक्रारींचे प्रश्न या वेळी बरेच आले. त्यातले निवडक.

प्रश्न: माझ्याकडे इंटेल कोअर आय७-१२५५यू आहे. जाहिरातीत ४.७ गिगाहर्ट्झ म्हटलंय, पण व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना वेग २.३ च्या आसपासच राहतो. फसवणूक झाली का?

फसवणूक म्हणता येणार नाही, पण तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली गेली. त्या आकड्याला चिकटून बारीक अक्षरात ‘पर्यंत’ असतं, आणि सगळी गोम त्यातच आहे.

तुमच्या प्रोसेसरमध्ये १० कोअर, म्हणजे काम करणारे स्वतंत्र भाग, आहेत. त्यातले फक्त २ मोठे, म्हणजे पी-कोअर, ४.७ पर्यंत जाऊ शकतात. उरलेल्या ८ लहान, म्हणजे ई-कोअरची कमाल मर्यादाच ३.५ आहे. सगळे कोअर ४.७ वर पळताहेत, असं चित्र या चिपवर कधीच दिसणार नाही, कूलिंग कितीही भारी असलं तरी.

दुसरी अडचण वॅटची. या चिपची बेस पॉवर १५ वॅट आणि कमाल टर्बो पॉवर ५५ वॅट. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून शेवटचे चारपाचशे मेगाहर्ट्झ फार महाग पडतात. ५५ वॅट हा थोड्या वेळापुरता परवाना असतो. इंटेलच्या अनेक मोबाइल चिपमध्ये तो मूळ सेटिंगनुसार साधारण २८ सेकंदांचा धरलेला असतो. मग प्रोसेसर दीर्घकालीन मर्यादेवर उतरतो.

हे स्वतः बघा. एचडब्ल्यूइन्फो हा वेग, वॅट आणि तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडून ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ची ओळ समोर ठेवा आणि सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमची दहा मिनिटांची मल्टीकोअर (सगळे कोअर वापरणारी) चाचणी लावा. सुरुवातीला वॅट उसळतील, तापमान नव्वदीकडे धावेल, पंखा जागा होईल. थोड्याच वेळात वॅट खाली येऊन एका आकड्यावर स्थिरावतील आणि त्यांच्या पाठोपाठ गिगाहर्ट्झही. तुमच्या एक्स्पोर्टचा खरा वेग तो, स्थिरावलेला. १५ वॅट दहा कोअरमध्ये वाटल्यावर २.३ दिसणं यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

प्रश्न: मित्राच्या लॅपटॉपमध्ये हुबेहूब माझाच प्रोसेसर आहे, तरी त्याचं काम लवकर उरकतं. असं कसं?

नाव एक असलं तरी मर्यादा लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. जुन्या आय७-८५५०यूचं उदाहरण घ्या. हीच चिप १० वॅटला बसवली तर बेस वेग (सलग लोडवर टिकायला हवा तो) ०.८ गिगाहर्ट्झ, १५ वॅटला १.८ आणि २५ वॅटला २.०. तिन्ही इंटेलला अधिकृतपणे मान्य, आणि तिन्हींच्या खोक्यावर टर्बो ४.० च. पातळ, एका पंख्याच्या मशीनला कंपनी हात आखडून वीज देते, जाड मशीनला सढळ हाताने.

म्हणून खरेदीच्या वेळी गिगाहर्ट्झ विचारू नका. सलग लोडवर प्रोसेसर किती वॅट टिकवतो, हे चाचण्यांमध्ये शोधा. नीट थंड राहणारा आय५ कोंडलेल्या आय७ ला लांब कामात सहज मागे टाकतो. दुकानदाराला हे विचारलंत तर तो बहुधा रॅमकडे वळेल, ते सोडा.

प्रश्न: एकच हलकं काम चालू असतानाही टास्क मॅनेजर पूर्ण टर्बो दाखवत नाही.

टास्क मॅनेजर सगळ्या चिपसाठी एकच आकडा दाखवतो, तोही सरासरी काढून. एखादा कोअर काही मिलिसेकंद शिखरावर जाऊन परत आला तर तिथे पत्ता लागत नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रत्येक कोअरचा ‘मॅक्झिमम’ रकाना बघा. तिथे ४.७ ऐवजी ४.६ असेल तर झोप उडवून घेऊ नका.

एएमडीचीही कमाल बूस्टची व्याख्या अशीच आहे: एका कोअरला, तुटक-तुटक एकथ्रेडी (एका वेळी एकाच कोअरवर चालणाऱ्या) कामात मिळू शकणारा सर्वाधिक वेग. २०१९ मध्ये डेस्कटॉपचे रायझन ३००० प्रोसेसर तेवढाही वेग गाठत नाहीत म्हणून ओरड झाली, तेव्हा खोट खरंच फर्मवेअरमध्ये, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, निघाली. सप्टेंबरच्या दुरुस्तीने सुमारे २५ ते ५० मेगाहर्ट्झ परत मिळाले. एवढ्याशा फरकासाठी केवढा गदारोळ झाला होता!

काही चिपवर तर तापमानाचीही अट असते. आय९-८९५०एचकेचे ४.८ गिगाहर्ट्झ चिप ५० अंशांच्या आत असेल तरच मिळायचे. जोर लावून काम करणारा आय९ लॅपटॉप आणि ५० अंश! जाहिरात लिहिणाऱ्याचं कौतुकच.

प्रश्न: माझा वेग ०.७९ गिगाहर्ट्झवर अडकलाय. रीस्टार्ट करूनही तसाच.

हा मात्र बिघाड आहे, वरच्या कशातच तो बसत नाही. मदरबोर्डवरचा कुठला तरी भाग ‘प्रॉकहॉट’चा, म्हणजे ‘प्रोसेसर तापलाय’ असा, इशारा देऊन प्रोसेसरला खाली दाबतोय. सगळ्यात आधी चार्जरवर संशय घ्या: कमी वॅटचा, दुसऱ्या कंपनीचा, किंवा ज्याची ओळख लॅपटॉपला पटत नाही असा. मूळ चार्जर लावून बघा. मग मशीन बंद करून, चार्जर काढून, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा. बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. तरीही सुटलं नाही तर थकलेली बॅटरी किंवा बिघडलेला सेन्सर असू शकतो.

थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅममध्ये ‘बीडी प्रॉकहॉट’ची (दुसऱ्या भागाकडून आलेला हा इशारा पाळायचा, याची) खूण काढली की वेग लगेच उसळतो. निदानासाठी तेवढं ठीक. कायम काढून ठेवू नका, कारण इशारा खरा असेल तर तुम्ही त्याचं तोंड दाबताय.

प्रश्न: बॅटरीवर वेग कमी होतो. सेटिंगचा दोष?

बहुतेक नाही, बॅटरीवर मर्यादा मुद्दाम खाली आणलेल्या असतात. चार्जर लावूनही बेस वेगाच्या वर काहीच जात नसेल, तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के आहे का बघा. त्या एका टक्क्याने टर्बो बंद होतो.

प्रश्न: थर्मल पेस्ट बदलू, कूलिंग पॅड घेऊ की अंडरव्होल्ट करू?

आधी अडवतंय कोण ते शोधा. लोडवर तापमान ९५ ते १०० अंश आणि वॅट घसरताहेत, तर अडचण उष्णतेची. पंख्यातली धूळ काढणं, चिपची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट बदलणं उपयोगी पडेल. तापमान ७० आणि वॅट १५ वर खिळलेले, तर मर्यादा कंपनीने घातलेली आहे. तिथे पेस्ट बदलून फक्त पंखा शांत होईल. कूलिंग पॅड तळाला हवेची जाळी असेल तरच घ्या. अंडरव्होल्टिंग, म्हणजे चिपला थोडं कमी व्होल्टेज देणं, छान उपाय होता, पण डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ ही सुरक्षेतली फट उघड झाल्यावर अनेक इंटेल लॅपटॉपवर बायोसने ती वाट बंद केली.

प्रश्न: सेवा केंद्राने ‘सगळं नॉर्मल’ म्हणून मशीन परत पाठवलं. काय करू?

टर्बोवरून भांडलात तर हराल, त्याची हमी कुणीच देत नाही. बेस वेगावरून भांडा. मूळ चार्जर लावलेला, पॉवर मोड सर्वोच्च, आणि तरीही सलग लोडवर वेग बेसच्या खाली जात असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. अपवाद एकच, कंपनीने चिप कमी वॅटला बसवल्याचं तपशिलात लिहिलेलं असेल तर. एचडब्ल्यूइन्फोची नोंद फाइलमध्ये साठवून पाठवा. तिच्यात वेळ, वॅट, तापमान आणि थ्रॉटलिंगचं (वेग दाबला जाण्याचं) कारण ओळीने येतं. एखादा स्क्रीनशॉट ‘त्या क्षणापुरतं असेल’ म्हणून उडवून लावता येतो, दहा मिनिटांची नोंद येत नाही. आणि फर्मवेअर अपडेट आलंय का, हेही विचारा. २०१८ च्या आय९ मॅकबुक प्रोवर असाच वेग कोसळत होता, तेव्हा अ‍ॅपलने फर्मवेअरमधली चूक मान्य करून जुलैमध्येच अपडेट दिलं होतं.