खेड्यातली ख्रिस्ती मंडळी काळाप्रमाणे बदलली तर विश्वास पातळ होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या चर्चमध्ये पेटी जाऊन कीबोर्ड आला, लग्नात हळद आणि डीजे आले, पोळ्याला ख्रिस्ती घरातलेही बैल सजवतात. आजी म्हणते मंडळी जगिक झाली, भाऊ म्हणतो काळाबरोबर चालावंच लागतं. मग मंडळीने बदलावं तरी कुठवर?

मी पाळक नाही, धर्मशास्त्रही शिकलेली नाही. जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका आहे. अकोला जिल्ह्यात, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात राहते आणि आमच्या लहानशा मंडळीच्या पंचांत आहे. जमाखर्च आणि सभांचं इतिवृत्त माझ्याकडे असतं, त्यामुळे आम्ही कशावर किती भांडलो हे लेखी आहे. सगळ्यात जास्त पानं वाद्यांवर, कपड्यांवर आणि जेवणावळींवर गेलीत. ज्यांनी माणसं दुखावतात, तुटतात, ते विषय दोन-चार ओळींत उरकलेत. म्हणून तुमचा प्रश्न मला थोडा चुकीच्या टोकाला धरल्यासारखा वाटतो. तरी आधी त्याच टोकाने जाऊ.

आजी ज्याला जुनं म्हणतात ते एकेकाळी नवंच होतं. विदर्भात मिशनरी आले ते आपल्या देशातल्या चाली, बाकं, घंटा, पांढरा पोशाख असं सगळं घेऊन. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबून गायचे, आणि कुठला शब्द कुठे तुटेल याचा नेम नसायचा. त्या गीतपुस्तकाला मराठी वळण लावणाऱ्यांत रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव पहिलं. त्यांच्या गोष्टीचा आपल्या भागाशीही धागा आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अभंग, भजन, कीर्तन हे सगळं त्यांनी उपासनेत आणलं, आणि तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते सांगत. पेटी आणि टाळ घेऊन देवळासारखं काय गाता, असं तेव्हाही कुणीतरी म्हटलंच असणार. आता तुमच्या आजी त्याच पेटीसाठी भांडताहेत. आमच्याकडे तर खंजिरीही वाजते. तुकडोजी महाराजांची मोझरी शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, तेव्हा इकडच्यांना खंजिरी कुणी शिकवावी लागत नाही.

भावाच्या बाजूनेही माझी पूर्ण साक्ष नाही. कीबोर्ड आला याचं मला काही नाही, पण त्याच्यासोबत यूट्यूबवरची हिंदी गाणी आली आणि आमच्या पोरांना आता एक मराठी गीत पुस्तकात न बघता येत नाही. प्रार्थनासुद्धा मोबाइलवरच्या उपदेशकाच्या आवाजात करतात, तसंच ओरडून. आमचा एक पोरगा घरी आईशी चांगलं वऱ्हाडी बोलतो आणि देवाशी बोलताना एकदम हिंदीत शिरतो. टिळकांच्या पिढीने परक्या चालीतून आपल्या चालीत यायला कष्ट घेतले, आम्ही मात्र पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या चालीत निघालो आहोत, तेही फुकटात. हे मी सभेत बोलले तेव्हा तरुण संघाची पोरं हसली. पण नाताळच्या कॅरलला त्यांनी दोन जुनी भजनं बसवली, हेही सांगायला हवं.

हळदीचं मी लांबवत नाही. आमच्या आईच्या काळी हळद लावायची का यावर पाळकसाहेबांना विचारावं लागायचं, आता कुणी विचारत नाही. मंगळसूत्रात वाट्यांच्या जागी क्रूस असतो. पांढऱ्या साडीचं मात्र गमतीचं आहे. गावातल्या म्हाताऱ्या बायांना पांढरं लुगडं म्हणजे विधवेचं, त्यामुळे आमच्या नवरीकडे पाहून त्या अजून हळहळतात. आता नवऱ्या चर्चमध्ये पांढरी साडी नेसतात आणि मंडपात आल्या की लाल शालू. कुणाचाच विश्वास यात बुडालेला मी पाहिला नाही. डीजेने माझं डोकं दुखतं, पण तो धर्माचा प्रश्न नव्हे.

पोळ्याचंही तसंच. ज्याच्या घरी बैल आहे तो आदल्या संध्याकाळी तूप-हळदीने खांदे शेकतो, दुसऱ्या दिवशी बैलांना पुरणपोळी देतो आणि तोरणाखाली नेऊन उभा करतो. झडत्या, म्हणजे तोरणाखाली म्हणायची पोळ्याची कवनं, म्हणण्यात तर आमचे एक काका गावात पहिले होते. बैलाची आरती ते करत नसत. गावाला ते ठाऊक होतं आणि त्यावरून कधी कुणी त्यांना अडवलं नाही. त्यांच्या अंगणात सकाळी प्रार्थना व्हायची, त्यात बैलांचीही नावं यायची. एका पाळकांनी मागे याला मनाई केली होती, दुसऱ्यांनी परवानगी दिली. आता वाद मिटलाय, कारण बहुतेकांकडे बैलच उरले नाहीत, ट्रॅक्टरने भाड्याने नांगरणी होते.

आमच्याकडे जे सगळ्यात चांगलं बदललं ते कापणीच्या सणाचं. सोयाबीन घरात आलं आणि कापसाची पहिली वेचणी झाली की नोव्हेंबरात एक रविवार ठरतो. वेदीसमोर पोती, टोपल्या, एखादं कोहळं, वांगी, मूग, अंड्यांची परडी, पाय बांधलेली कोंबडी, आणि मधे पांढराशुभ्र कापूस. उपासनेनंतर लिलाव. कोंबडी बाजारभावाच्या तिप्पट-चौपटीला जाते, घेणारा ती परत देतो, पुन्हा बोली लागते, आणि एकच कोंबडी मंडळीच्या पेटीत तीनदा पैसे टाकून शेवटी एखाद्या म्हातारीच्या घरी पोचते. पूर्वी शेती असणाराच यात पुढे असायचा. आता पुण्याला कंपनीत लागलेली पोरं व्हिडिओ कॉलवरून बोली लावतात आणि फोनवरून पैसे पाठवतात. ज्यांना शेत नाही, मजुरीच आहे, अशा बायांनी मागे विचारलं की आम्ही काय आणायचं. तेव्हापासून एका दिवसाची मजुरी पाकिटात घालून वेदीवर ठेवतात, आणि ते पाकीट पहिल्यांदा उचललं जातं. ही कल्पना कुणा पाळकाची नव्हती, महिला समाजाची होती.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसले ते.

पश्चिम विदर्भात शेतकऱ्याच्या आत्महत्या हा शब्द पेपरात रोज येऊ लागला त्याला आता दोन दशकांहून जास्त झाली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग या भागात येऊन गेले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं. पॅकेज सगळ्या शेतकऱ्यांसाठी होतं आणि कीटकनाशकाचा डबाही सगळ्यांच्याच घरात होता, ख्रिस्ती घरं त्यातून सुटली नाहीत.

आमच्या मंडळीतला एक माणूस गेला. पाऊस ताणला, दुबार पेरणी झाली, सावकाराचे पैसे वर चढले होते. अशा माणसाला चर्चमध्ये आणायचं नाही, घंटा वाजवायची नाही, घरीच छोटी प्रार्थना करून दफनभूमीत कुंपणाच्या कडेला जागा द्यायची, अशी आमच्याकडची जुनी रीत. ती कुठून आली हे मी नंतर शोधलं. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात स्पष्ट सूचना आहे की स्वतःचा जीव घेणाऱ्यासाठी दफनविधी वाचू नये. कॅथलिकांच्या १९१७ च्या नियमसंहितेतही अशांना चर्चचा विधी नाकारला होता, १९८३ च्या नव्या संहितेत ते कलम राहिलं नाही. आमची मंडळी दोन्हींपैकी कोणाचीच नाही, पण समज तीच पाळत होती, आणि ती बायबलमधलीच आहे असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. बायबलमध्ये अशाला दफनविधी नाकारा असं कुठेही लिहिलेलं नाही.

लिंबाखाली पंच बसले. सगळ्यात वडील पंच म्हणाले, आज सूट दिली तर उद्या पोरांना काय सांगायचं? ते कठोर माणूस नव्हेत. त्यांना खरंच भीती होती की मंडळीने मान दिला तर दुसरा कुणी तीच वाट धरेल. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पाळक तरुण होते, गप्प बसले होते. तेवढ्यात मयताची आई उठून आली आणि म्हणाली, "साहेब, त्याले बाहेर ठेवसान त मले बी बाहेरच ठेवा. मी बी त्या कर्जावर अंगठा देला हाये."

घंटा वाजली. त्याला चर्चमध्ये आणलं, बाकांमधून वेदीपाशी नेलं. पाळकांनी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचला, मरण किंवा जीवन आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही तो भाग. पाणी पिऊन पुन्हा वाचला. गावातली बाकीची माणसं, मराठा, माळी, बौद्ध, मुसलमान, दाराबाहेर आणि खिडक्यांशी उभी होती. त्याला रांगेत, त्याच्या वडलांशेजारी पुरलं. वडील पंच मातीला आले, पण पुढे काही महिने प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घ्यायला उठले नाहीत. नंतर उठू लागले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्यानंतर दोन गोष्टी सुरू झाल्या. पेरणीच्या दिवसांत घरभक्तीला गेलं की महिला समाजाच्या बाया कर्जाचं सरळ विचारतात, आडून नाही. आणि कापणीच्या सणातल्या पैशातला काही भाग दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी बाजूला राहतो, बिनव्याजी. वडील पंचांच्या भीतीला माझं उत्तर हेच आहे: दफनात मान नाकारून कुणी वाचत नसतो, वाचवायचं तर जूनमध्ये त्याच्या दारात जायला हवं. तुम्ही याला संस्कृतीपुढे नमणं म्हणाल का मला माहीत नाही. मला तरी आमची मंडळी त्या दिवशी बायबलच्या जास्त जवळ गेल्यासारखी वाटली, जुनी रीत सोडून.

आणि जिथे आम्ही बदलायला हवे होतो तिथे बदललो नाही, तेही लिहिते. प्रभुभोजनात एकाच भाकरीचा तुकडा घेणारी माणसं सोयरीक जुळवताना "कोणत्यातले?" असं अजून विचारतात. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या गेल्या, तरी. त्यात सरकारी कागदाची भर. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही आहे, ख्रिस्ती झालेल्याला नाही. त्यामुळे दर रविवारी बाकावर बसणारे कित्येक जण बाप्तिस्म्याचं नाव निघालं की गप्प होतात, आणि घरातल्या मुलाच्या फीचा हिशेब पाहता मी त्यांना दोष देत नाही. मग मंडळीच्या वहीत सभासद थोडे आणि सतरंजीवर माणसं जास्त.

यातूनच लग्नाचे पेच पडतात. शेती करणाऱ्या पोराला आमच्याकडे कुठल्याच समाजात मुलगी मिळेना झालीय, आमची मुलं-मुली शिकायला बाहेर जातात, तिथे मनं जुळतात. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याला दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं. आमच्या मंडळीचा नियम त्याहून कडक, दोघांचाही बाप्तिस्मा हवा. मग जोडपी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी करतात, आणि त्यानंतर चर्चमध्ये येताना मागच्या रांगेत बसतात. कुणी सांगितलेलं नसतं, आपणहून बसतात. मंडळी कितपत बदलली हे मी कीबोर्डवरून मोजत नाही, त्या मागच्या रांगेवरून मोजते.

सध्या असाच एक अर्ज आमच्याकडे आहे. मुलगी आमची, मुलगा बौद्ध, दोघांनी लिहून दिलंय की नोंदणी झाल्यावर चर्चमध्ये फक्त आशीर्वादाची प्रार्थना हवी, विधी नको. मुलाचे आईवडीलही यायला तयार आहेत. पंचांत दोन मतं आहेत, पाळकांनी महिनाभर वेळ मागितलाय. माझं मत होकाराचं आहे आणि ते मी इतिवृत्तात नावासकट नोंदवलंय. तुमच्या मंडळीत असा अर्ज आधी आला असेल आणि काय ठरलं ते सांगता आलं, तर खाली नक्की लिहा, मला पुढच्या सभेत ते वाचून दाखवता येईल.