तालुक्याच्या कॉलेजातून परदेशी विद्यापीठासोबत जॉइंट प्रोजेक्टला फंडिंग मिळतं का? की मोठी संस्था सोबत घ्यावीच लागते?

मिळतं. आणि मोठी संस्था सोबत घ्यावीच लागते असं तुम्हाला ज्यांनी सांगितलंय त्यांच्यासारख्याच एका माणसाशी माझा जुना वाद आहे, म्हणून लिहायला बसलेय, नाहीतर स्कीमची माहिती तुम्हाला कुठंही मिळेल.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. अर्ज कुठं करायचा, परदेशी पार्टनर कसा शोधायचा आणि पुण्या-मुंबईच्या संस्थेला मुख्य अर्जदार करून आपण को-पीआय, म्हणजे सहसंशोधक, राहावं का. शेवटच्यापासून सुरू करते. राहू नका. निदान कुठलं काम कोण करणार, पैसे कुणाच्या खात्यात येणार आणि पेपरवर नाव कुणाचं हे कागदावर आल्याशिवाय तर अजिबात राहू नका.

मी सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आमचा भाग द्राक्षाचा, वर्गातल्या कितीतरी पोरापोरींच्या घरी बाग आहे. माझं काम बागेच्या मातीत साठणाऱ्या तांब्यावर. बोर्डो मिश्रण आमच्याकडे शाळकरी पोराला पण माहिती असतं, मोरचूद आणि कळीचा चुना, एक टक्का करायचं तर शंभर लिटर पाण्याला प्रत्येकी एक किलो. डाऊनी या बुरशीच्या रोगावर फवारायचं, छाटणीनंतर खोडाला लेप द्यायचा. पण तांबं म्हणजे काही कुजून जाणारी गोष्ट नाही, दरवर्षी थोडं थोडं करत ते मातीतच राहतं. फ्रान्समध्ये हे १८८५ पासून चाललंय, बोर्डो हे त्यांच्याच गावाचं नाव, तिथल्या जुन्या बागांच्या मातीत इतकं तांबं साठलंय की युरोपियन युनियननं २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोच्या वर तांबं वापरायचं नाही अशी मर्यादाच घातली. आमच्या बागा त्या मानाने तरुण आहेत पण आमच्याकडे वर्षात दोन छाटण्या होतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, मध्ये अख्खा पावसाळा, त्यामुळं फवारणीचं गणितच वेगळं. माती पण वेगळी, काळी, चुनखडीची, पीएच आठच्या वर, तिच्यात तांबं घट्ट धरून ठेवलं जातं. त्यांच्याकडच्या रेताड आम्लधर्मी मातीत तेच तांबं पिकाला आणि मातीतल्या जिवाणूंना लवकर नडतं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की प्रश्न आमचा होता. मी आणि माझे विद्यार्थी कित्येक वर्षं बोदावरची, म्हणजे वेलींखालच्या उंचवट्यावरची, माती वेगळी आणि दोन ओळींमधली माती वेगळी अशी पिशव्यांत भरून आणत होतो. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शेतकऱ्यांच्या फवारणीच्या डायऱ्या. एक्स्पोर्टवाला बागायतदार फवारणीची नोंद ठेवतोच, त्याला ठेवावीच लागते, पण आमच्याकडं त्याच्याही आधीपासून लिहिणारी माणसं आहेत. एका विद्यार्थिनीच्या वडिलांची वही माझ्यासमोर आहे, निळ्या शाईत, तारीख, प्लॉट, "मोरचूद ५०० ग्रॅम, चुना ५००, पाणी १००, ढगाळ", आणि शेजारी कुठल्या दिवशी पाऊस पडला त्याची खूण. बागेत कधी किती तांबं पडलं याचा एवढा बारीक हिशोब मी इतर कुठं पाहिलेला नाही.

तर एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेतल्या प्राध्यापकांचा फोन आला. त्यांना आमचं काम एका कॉन्फरन्समध्ये कळलं होतं. म्हणाले, मॅडम, आम्ही एका परदेशी ग्रुपबरोबर प्रपोजल टाकतोय, तुम्ही येताय का. मी आनंदाने हो म्हणाले. मग मेल सुरू झाले. पहिल्या मसुद्यात मी को-पीआय. दुसऱ्यात माझं नाव 'कोलॅबोरेटर' म्हणून खाली गेलं. बजेट उघडून बघितलं तर आमच्या कॉलेजच्या नावावर सॅम्पल गोळा करायचा प्रवासखर्च, बस, एवढंच. जेआरएफ, म्हणजे प्रोजेक्टवरचा पगारी संशोधक विद्यार्थी, त्यांच्याकडे, उपकरण त्यांच्याकडे, परदेश दौरे त्यांचे. आणि डायऱ्या स्कॅन करून पाठवा अशी वर विनंती. मी विचारलं, सर, आमचं काम काय यात? तर म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे माती आहे, आमच्याकडे नाव आहे. तालुक्याच्या कॉलेजला परदेशी प्रोजेक्ट कोण देणार? नावाशिवाय रिव्ह्यूअर फाईल उघडत पण नाही." मी त्याच दिवशी मेल करून बाहेर पडले. डायऱ्या दिल्या नाहीत. त्या माझ्या नव्हत्याच द्यायला, त्या शेतकऱ्यांच्या आहेत.

बाहेर पडल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये बरंच ऐकून घ्यावं लागलं, कुणी म्हणे चालून आलेली संधी घालवली, कुणी म्हणे नाव तरी लागलं असतं प्रमोशनच्या पॉइंटला. मला अजूनही वाटतं की मी बरोबर केलं आणि तुम्हीही तेच करावं.

आता पार्टनर कसा मिळाला. मी फ्रान्समधल्या बागांच्या मातीवरचे पेपर वाचत होते, त्यातल्या एका ग्रुपचा एक आलेख मला खटकला, म्हणजे त्यांनी पीएच वाढला की तांब्याचा त्रास कमी होतो असं दाखवलं होतं पण त्यांची माती जिथं संपत होती तिथून आमची सुरू होत होती. मी तेवढंच लिहिलं. आमच्या मातीचा एक तक्ता जोडला, दोन छाटण्यांचं वेळापत्रक जोडलं आणि विचारलं की तुमची रेषा पुढं अशीच जाईल असं तुम्हाला वाटतं का. सीव्ही नाही, कॉलेजचा इतिहास नाही, "आय वुड बी ग्रेटफुल" नाही. त्या शास्त्रज्ञांचं उत्तर आलं आणि त्यांचा पहिलाच प्रश्न डायऱ्यांबद्दल होता, एवढी नोंद खरंच शेतकरी ठेवतात का, कारण त्यांच्याकडं जुन्या बागांत किती तांबं पडलं याचा बहुतेक अंदाजच करावा लागतो. तिथून पुढं आम्ही जवळजवळ वर्षभर नुसतं बोलत होतो, कुठलाही कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात, नसताना. म्हणून कॉल आला तेव्हा प्रपोजल अर्धं तयार होतं. तुम्ही जाहिरात बघून मग पार्टनर शोधायला निघालात तर तुम्हाला मिळणारा पार्टनर सही करण्यापुरता असतो, आणि रिव्ह्यूअरला ते पहिल्या पानावर कळतं.

आणखी एक सांगते, एमओयू, म्हणजे दोन संस्थांमधला सामंजस्य करार, म्हणजे पार्टनरशिप नव्हे. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाईलसाठी आणि प्राचार्यांच्या फोटोसाठी तो ठीक आहे. प्रपोजलला लागतं ते पार्टनरचं पत्र, ज्यात मी अमुक काम करीन, अमुक माणूस देईन, माझी अमुक लॅब वापरू देईन असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आम्ही जो कॉल भरला तो छोटा होता, फक्त येण्याजाण्याचा. अशा जॉइंट कॉलमध्ये बहुतेक वेळा पाठवणारा देश विमानाचं भाडं, व्हिसा, विमा बघतो आणि बोलावणारा देश राहण्याखाण्याचं. उपकरणाला पैसे नाहीत. त्या प्राध्यापकांनी असल्या ग्रँटला "टीए-डीएची ग्रँट" म्हटलं असतं. पण आम्हाला उपकरण नकोच होतं, एएएसवर, म्हणजे धातूचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, सॅम्पल आम्ही विद्यापीठात फी भरून करून घेतो. आम्हाला हवं होतं ते त्यांच्या लॅबमध्ये बसून त्यांची पद्धत शिकणं आणि त्यांना आमच्या बागेत उभं करणं. आणि माती आम्ही एक चिमूट पण तिकडं पाठवली नाही. जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे परदेशी माणसाला किंवा संस्थेला आपल्याकडची जैविक सामग्री संशोधनासाठी घ्यायची तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते, मातीतले जिवाणू पण त्यात आले. सरकारी मान्यतेच्या सहकार्य प्रकल्पांना कलम ५ खाली सवलत आहे पण ती आपोआप मिळत नाही, अटी पाळाव्या लागतात. वर युरोपात बाहेरची माती नेण्यावर त्यांचीही बंदी आहे, शास्त्रीय कामासाठी वेगळं परवानापत्र लागतं. म्हणून आम्ही प्रपोजलमध्येच लिहिलं की दोन्हीकडे एकच प्रोटोकॉल, मातीतल्या जिवाणूंचा डीएनए इथंच काढायचा, आकडे फक्त एकत्र आणायचे. ज्यांना आमच्याकडून नुसती सॅम्पल हवी होती त्यांच्या प्रपोजलमध्ये याचा एक शब्द नव्हता.

ग्रँट मंजूर झाली, कॉलेजच्या नावावर, पीआय म्हणजे मुख्य संशोधक मी. कापलं थोडं, पण मंजूर झाली. पाहुणे आले तेव्हा त्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी वही पुढं ठेवली आणि ते फ्रेंच शास्त्रज्ञ बांधावर बसून तास-दीड तास एकेक ओळ विचारत होते, 'ढगाळ' का लिहिलंय, पावसाची खूण आधीची का नंतरची, आणि ती मुलगी मधे बसून दोन्हीकडचं सांगत होती. पुढं पेपर झाला त्यात तिचं नाव लेखकांमध्ये आहे.

बरं, स्कीम. परदेशी विद्यापीठांबरोबरच्या संशोधनासाठी केंद्र सरकारची 'स्पार्क' २०१८ ला आली, आयआयटी खरगपूर बघते, पैसा चांगला, पण आपल्या बाजूला एनआयआरएफ या सरकारी रँकिंगची अट आहे आणि परदेशी बाजूलाही रँकिंगची, त्यामुळं आपल्यासारख्या कॉलेजांना दार बंदच. मला ही अट चुकीची वाटते, रँक संस्थेची असते आणि प्रश्न माणसाला पडतो. जर्मनीसाठी आयजीएसटीसी या भारत-जर्मनीच्या संयुक्त विज्ञान केंद्राचा टू-प्लस-टू आहे, दोन्ही देशांतली एकेक संशोधन संस्था आणि एकेक कंपनी, कंपनी ओळखीची नसेल तर नादी लागू नका. फ्रान्ससाठी सेफिप्रा हे भारत-फ्रान्सचं संशोधन केंद्र, १९८७ पासून आहे. डीएसटीचे, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचे, जर्मनीच्या डाड आणि जपानच्या जेएसपीएस या संस्थांबरोबर असे देवाणघेवाणीचे कॉल येतात, सुरुवातीला हेच बघा. होरायझन युरोप या युरोपियन युनियनच्या संशोधन निधीच्या कार्यक्रमात भारतीय संस्था भागीदार होऊ शकते पण भारताला पैसे आपोआप मिळत नाहीत, एखाद्या कॉलला आपल्या सरकारनं वेगळी सोय केली असेल तर गोष्ट निराळी. सामाजिक शास्त्रवाल्यांनी आयसीएसएसआर, म्हणजे सामाजिक शास्त्र संशोधनाची केंद्रीय परिषद, बघावी. आणि जॉइंट कॉल म्हणजे दोघांनी आपापल्या देशात एकाच मुदतीत अर्ज करायचा, एक बाजू राहिली तर दुसरी बाजू कितीही चांगली असली तरी बाद.

खरी मारामारी बाहेर नसते, ती आपल्याच कॉलेजच्या ऑफिसात असते. एन्डॉर्समेंटच्या, म्हणजे कॉलेजची अर्जाला संमती असल्याच्या, पत्रावर प्राचार्यांची सही, शिक्का, जावक क्रमांक, आणि काही संस्थांमध्ये वरून सेक्रेटरींची संमती. आमच्या वेळी पत्र टेबलावर पडून होतं कारण "परदेशी" शब्द बघून कुणालाच जबाबदारी घ्यायची नव्हती. तेव्हा मुदतीच्या महिनाभर आधीच ते हातात घ्या, प्रपोजल अपुरं असलं तरी. अकाउंटंटला पण पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, कारण पुढच्या वर्षीचा हप्ता युटिलायझेशन सर्टिफिकेटवर, म्हणजे पैसे कुठं खर्च झाले त्याच्या दाखल्यावर, अडतो, आणि त्याचा जीएफआर १२-अ हा सरकारी फॉर्म भरताना खर्चाचे हेड जुळले नाहीत तर तुमचं संशोधन कितीही भारी असो, पैसे येत नाहीत.

काही गोष्टी वर राहिल्या. जॉइंट कॉलमध्ये आपल्या बाजूचे पैसे आपलं सरकार देतं म्हणून एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याचा, प्रश्न येत नाही, पण परदेशी विद्यापीठ किंवा फाउंडेशन थेट तुमच्या संस्थेला पैसे पाठवणार असेल तर संस्थेचं एफसीआरए रजिस्ट्रेशन आहे का ते आधी विचारा, २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि पुढं दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही. आरोग्याचा विषय असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी वेगळी, तिचं काम आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत चालतं, तिला वेळ लागतो. पाहुण्याला टुरिस्ट व्हिसावर कामाला बोलावू नका, आणि तो कॉलेजच्या गेस्ट हाऊसला उतरणार असेल तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरायची असते, रेक्टरला आधी सांगून ठेवा.

आणि मोठ्या संस्थांतले सगळेच तसे असतात असं मी म्हणत नाही, आमचा डीएनए काढायला ज्यांनी लॅब उघडून दिली ते पण मोठ्या संस्थेतलेच होते, त्यांनी नाव मागितलं नाही, आम्ही स्वतःहून घातलं. तुमचा विषय काय ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो आणि तुमच्याकडे आत्ता कुठला डेटा आहे एवढं कमेंटमध्ये टाका, कुठला कॉल बसेल ते सांगते.