वडिलांची चाचणी निर्दोष, मग मुलीला सिकलसेल कसा?

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या समुपदेशनात वारंवार येणारी एक शंका अशी असते की, आई वाहक आहे (तिच्यात सिकलचे एकच जनुक आहे, आजार नाही), वडिलांच्या चाचणीत काहीच निघाले नाही, तरीही मूल आजारी कसे? या शंकेच्या आड बहुधा दुसरी, न उच्चारलेली शंका असते आणि ती आईच्या चारित्र्यावर येऊन थांबते. म्हणूनच चंद्रपूर जिल्ह्यातील एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

मुलगी तीन वर्षांची होती. दीड वर्षाची असल्यापासून तिच्या हातापायांची बोटे सुजत, ताप येई. तिचा अहवाल ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे आईवडील दोघांकडून सिकलचे जनुक आल्यासारखा, असा आला होता, आईचा ‘एएस’, म्हणजे वाहक, आणि वडिलांची सोल्युबिलिटी ही सिकलची प्राथमिक चाचणी निगेटिव्ह होती. सासूबाई आत आल्याच नाहीत, बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. पती आत आले, पण पत्नीच्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर बसले. ते एवढेच म्हणाले, “मॅडम, माझ्यात तर काहीच नाही निघालं, मग हे पोरीत आलं कुठून?” मुलीच्या आईने मान वर केली नाही.

मी त्या दिवशी त्यांना काहीच समजावले नाही. फक्त तिघांचे नमुने पुन्हा घेण्याची परवानगी मागितली. आमच्याबरोबर काम करणाऱ्या जनुकशास्त्रज्ञ संशोधिकेला मुलीच्या जुन्या अहवालातील एक आकडा खटकला होता. तिच्या तांबड्या पेशी एसएस रुग्णांत सहसा असतात त्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या, आणि लोहाची कमतरताही नव्हती.

वडिलांच्या रक्ताची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी केली, तेव्हा त्यांपैकी हिमोग्लोबिन ए२ हे ५.२ टक्के निघाले. ते ३.५ टक्क्यांच्या वर गेले की बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनमधील बीटा साखळी कमी बनण्याच्या किंवा न बनण्याच्या आनुवंशिक विकाराचा) वाहक असल्याचा संशय येतो. पुढे डीएनए तपासणीत बीटा ग्लोबिन जनुकात ‘कोडॉन १५’ हा बदल सापडला, जो महाराष्ट्रात अनेकदा आढळतो आणि ज्यामुळे त्या जनुकाकडून बीटा साखळी मुळीच तयार होत नाही. मुलीला आईकडून सिकलचे जनुक आले आणि वडिलांकडून हे बंद पडलेले जनुक आले. परिणामी तिच्या रक्तात नेहमीचे प्रौढ हिमोग्लोबिन बनलेच नाही आणि अहवाल एसएससारखा दिसला. तिचा खरा आजार सिकल-थॅलेसेमिया होता.

पुढच्या भेटीत मी सासूबाईंनाही आत बोलावले आणि सोल्युबिलिटी चाचणीच्या दोन नळ्या रेघा आखलेल्या कागदापुढे धरल्या. आईच्या नळीतले द्रावण गढूळ होते, त्यातून रेघा दिसत नव्हत्या. वडिलांच्या नळीतून त्या स्पष्ट दिसत होत्या. ही चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन ओळखते, थॅलेसेमिया तिला दिसतच नाही, हे त्या नळ्यांकडे बघत सांगितल्यावर पतींनी अहवाल स्वतःकडे ओढून घेतला आणि बराच वेळ वाचला. मग ते उठून पत्नीच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. निगेटिव्ह सोल्युबिलिटी चाचणीला ‘रक्तात दोष नाही’ असे म्हणणे किती महागात पडते, हे मला त्या क्षणी पुन्हा जाणवले. जोडप्यातील एक जण वाहक असेल तेव्हा तरी दुसऱ्याच्या बाबतीत एचपीएलसी झाल्याशिवाय तो शब्द कोणी वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

सासूबाईंचा प्रश्न होता, “चारात एक आजारी म्हणता, तर ते झालं, आता पुढची सुटली ना?” तसे नसते. प्रत्येक गर्भधारणेत असे मूल होण्याची शक्यता पुन्हा तेवढीच, म्हणजे २५ टक्के असते; आधीच्या मुलाचा त्यात हिशेब धरला जात नाही. मात्र दोघांचेही जनुकीय बदल आता नेमके माहीत असल्यामुळे पुढच्या खेपेस १० ते १२ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म तुकडा तपासून गर्भाची स्थिती कळू शकते, आणि त्यानंतर काय करायचे हा निर्णय सर्वस्वी त्या दोघांचा राहील, हे मी स्पष्ट केले. मुलीवर हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचे उपचार सुरू झाले आहेत. पतींच्या धाकट्या भावाचे लग्न ठरायचे आहे. त्याच्या तपासणीची तारीख त्यांनीच मागून घेतली.