पाण्याच्या नळीतला बँड

लेकरा,

पीएचडीला नांदेडला नाव नोंदवू, संभाजीनगरला, की देवगिरी एक्सप्रेसनं सरळ हैदराबाद गाठू, हे तू पत्रात तीनदा विचारलंयस. मी उलट विचारते: तुला शोधायचंय काय? विषय म्हणून नुसतं ‘मॉलिक्युलर बायोलॉजी’ लिहिलंस. अगं, ते औत झालं. शेत कुठलं?

शेत तुझ्या घरामागंच आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडच्या कापसाचं काय केलं ते तू शाळेत असताना पाहिलंस. अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा बीटी कापूस 2002 मध्ये आला, तशा विषाच्या दोन जनुकांचा 2006 मध्ये, तरी अळी बोंडात बसून सरकी खातेच. अळीच्या आतड्यातल्या पेशींवर कॅडहेरिन नावाचं प्रथिन असतं, बीटीचं विष त्याला चिकटतं. प्रथिन बिघडलं की विषाला चिकटायला जागा राहत नाही. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांमध्ये या जनुकाच्या आरएनए प्रतीतले वेगवेगळे तुकडे गळालेले सापडलेत. मग जिंतूरकडच्या अळीत काय गळालंय? फरदड, म्हणजे हंगाम संपला तरी उभं कापसाचं पीक, ठेवणाऱ्याच्या रानात ते जास्त सापडतं का? असलं काही घेऊन गाईडपुढं, म्हणजे पीएचडीच्या मार्गदर्शकापुढं, बसलीस तर बोलणं वेगळं होतं. ‘सर, टॉपिक द्या’ म्हणालीस, तर आधीच्या कुणाचा तरी उरलेला टॉपिक पदरात पडेल.

गाईडचे पेपर वाच, ते तर आलंच. पण एका दुपारी न सांगता लॅबमध्ये जाऊन ये. चौथ्या वर्षाच्या मुलीला चहाला ने आणि तिला विचार, एन्झाइम संपलं तर नवं यायला किती दिवस लागतात, सर मसुदा वाचून परत कधी देतात, आणि लाइट गेली तर वजा 80 अंशांच्या फ्रीझरला जनरेटर आहे का. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नकोस. एका मे महिन्यात माझी दोन वर्षांची सॅम्पलं एका रात्रीत वितळली होती. या तिन्हींची उत्तरं बरी मिळाली तर नांदेडही चांगलं. नसतील तर हैदराबादच्या नावाला भुलू नकोस.

आता माझी एक लाज सांगते. कापसाच्या पानातून डीएनए काढणं म्हणजे वैताग. पानात पॉलिफिनॉल नावाची तुरट द्रव्यं इतकी की डीएनए चहासारखा तपकिरी येतो आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढणं, चालतच नाही. कोवळी पानं घेऊन, बफरच्या द्रावणात पॉलिफिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी घालून दोन महिन्यांनी एकदाचा पांढरा धागा नळीत तरंगला. पीसीआर लावला, प्रती दिसाव्यात म्हणून जेल चालवलं, सगळ्या सॅम्पलच्या रकान्यात सुरेख बँड, म्हणजे डीएनएचा पट्टा. शेवटच्या रकान्यात नुसतं पाणी होतं, डीएनए नाहीच, म्हणजे तो कोरा यायला हवा. त्यातही तसाच बँड! मी तो रकाना कापून फोटो सरांना नेऊन दाखवला. त्यांनी फोटो उलटसुलट केला आणि एवढंच विचारलं, “पाणी कुठंय?”

पुढचे तीन आठवडे चोर शोधण्यात गेले. ज्या टेबलावर पीसीआर झालेल्या नळ्या उघडायची, तिथंच त्याच पिपेटनं, म्हणजे थेंब मोजून घ्यायच्या नळीनं, नवं मिश्रण करत होते. जुना डीएनए पिपेटमधून फिरत होता. पिपेट वेगळं केलं, टेबल वेगळं केलं, बफरच्या लहान लहान नळ्या करून ठेवल्या, तेव्हा पाण्याचा रकाना कोरा आला. आजही कुणाचं जेल बघताना माझी नजर आधी तिथंच जाते, आणि तो रकाना नसला की पुढचं बघावंसं वाटत नाही.

पैशाचं थोडक्यात. सीएसआयआर-नेटच्या लाइफ सायन्सेसमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, काढ. 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आहेत, सीनियर झालीस की 42,000. बार्टी, सारथी, महाज्योती या शिष्यवृत्ती देणाऱ्या राज्याच्या संस्थांपैकी जिथं बसत असशील तिथल्या जाहिरातीवरही डोळा ठेव. पैसे कधीकधी उशिरा येतात, चार महिन्यांची मेस निघेल एवढे बाजूला असू देत. यूजीसीच्या 2022 च्या नियमात पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. घरी मात्र पाच सांग. तीन सांगितलीस तर चौथ्या वर्षी प्रत्येक लग्नात ‘अजून झालं नाही का?’ ऐकावं लागेल. तुझ्या आईला हवं तर मी फोन करते.

रविवारी परभणीला ये. येताना रानातली पंधरा-वीस किडकी बोंडं आण, कागदी पिशवीत; प्लास्टिकमध्ये घाम सुटून बुरशी येते. वाण कुठलं, लावलं कधी, तोडलं कधी, ते चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिही. अळ्या आपण स्पिरिटमध्ये ठेवू आणि चिठ्ठी त्याच बाटलीत जाईल. पेनाची शाई स्पिरिटमध्ये एका रात्रीत उतरते.

तुझी,
मॅडम