अंगणातली जीप: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

दसऱ्याला पूजेसाठी ताडपत्री निघते, जुनी जीप पुसली जाते, हार चढतो, आणि मग ती पुन्हा रस्त्यावर आणायची उमेद येते. या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न असेच आहेत. त्यातले पाच घेतो.

वडिलांची १९९१ सालची महिंद्राची एमएम ५४० जीप आठ वर्षं गोठ्याशेजारी उभी आहे. उभी केली तेव्हा इंजिन उत्तम होतं. नवी बॅटरी आणली आहे. सेल्फ मारून बघू का? (मिरज)

नको. ती बॅटरी अजून जोडूही नका. आठ वर्षांत पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटलेल्या असू शकतात आणि सेल्फच्या एका झटक्यात रिंग तुटते. मग जे काम दोन हजारांत झालं असतं ते पूर्ण इंजिन उतरवण्यावर जातं.

या गाडीत सहसा प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन असतं. त्याचे चारही हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत ऊब देणारे) काढा. डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं-अर्धं मिसळून प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा, आधी जरासं पुढे, जरासं मागे. मोकळं वाटलं की पूर्ण दोन फेरे. मध्येच कडक लागलं तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडून थांबा.

टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढा. तळाला काळा चिखल निघेल, टाकी उतरवूनच धुवा. फिल्टर नवा, इंजिन ऑइल नवं. वायरिंग बोटांनी चाचपत जा. गोठ्याशेजारी उंदीर असतातच आणि सोललेली एक वायर आग लावायला पुरते. हे झाल्यावर बॅटरी जोडा आणि हीटर प्लग बाहेर असतानाच सेल्फ मारून ऑइलचं प्रेशर येऊ द्या. मग प्लग बसवा, डिझेल लाइनमधली हवा काढा आणि इंजिन सुरू करा.

सुरू करताना एक माणूस एअर क्लीनर काढलेल्या तोंडाशी सपाट लाकडी फळी घेऊन उभा हवा. उभ्या गाडीचा डिझेल पंप कधी कधी पूर्ण उघड्या स्थितीत अडकलेला असतो. मग इंजिन रेस होत जातं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. हवा तोडली तरच ते बंद पडतं. कापड वापरू नका, ते आत ओढलं जातं. हात तर अजिबात लावू नका.

आणि इंजिन लागलं म्हणून आनंदात गेटबाहेर जाऊ नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. आठ वर्षांत चारही व्हील सिलिंडर आतून गंजलेले असणार. ते उघडा, रबर किट बदला, मास्टर सिलिंडर तपासा, होज पाइप नवे टाका. त्यानंतरच पहिला गिअर.

चेसिसला गंज आहे. गॅरेजवाले म्हणतात, वरून पत्रा मारू आणि खालून डांबरासारखं कोटिंग करू, दहा वर्षं बघायला नको. घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. (रत्नागिरी)

बघायला नको हे खरं, कारण दिसणारच नाही. गंजावर जाड काळं कोटिंग म्हणजे ओल आत कोंडणं. वरून चेसिस नवी दिसते आणि आत सडत राहते. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हे फार लवकर होतं.

आधी छोटी हातोडी घ्या आणि पुढून मागे टप्प्याटप्प्याने ठोकत जा. चांगलं लोखंड टणकन वाजतं, खाल्लेलं दबक्या आवाजात बोलतं. जिथे आवाज बदलला तिथे खडूने खूण करा आणि जुन्या स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलचे, म्हणजे पाटा चेसिसला जोडणाऱ्या कड्यांचे, हँगर, बॉडी जिथे चेसिसवर टेकते त्या जागा आणि अगदी मागचा आडवा तुकडा, इथे चिखल साठतो. चेसिस जिथे डबीसारखी बंद आहे तिथे पाणी निघायची भोकं असतात. ती बुजलेली असतील तर आतून काय झालंय याची कल्पना करा. मी एकदा अशा भोकात तार घातली तर मूठभर माती निघाली, ओली, उन्हाळ्यात.

खाल्लेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून काढायचा. गंजावर वेल्डिंग धरत नाही. ठिगळ मूळ चेसिसच्याच जाडीच्या पत्र्याचं घ्या आणि ते शंकरपाळ्याच्या आकाराचं कापा, चौकोनी नको. चौकोनी ठिगळाची उभी वेल्डिंग चेसिसला आडवी जाते, सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि चीर तिथूनच सुरू होते. तिरक्या कडेवर ताण पसरतो. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर, म्हणजे फ्लँजवर, आडवी वेल्डिंग टाळाच. हे काम घरी शिकायचं नाही. पाट्याचा हँगर सुटला तर चालत्या गाडीचा एक्सल सरकतो. अनुभवी वेल्डरला बोलवा, पण कापणं, घासणं, साफ करणं तुम्ही करा, म्हणजे आत काय आहे ते तुमच्या डोळ्यांनी दिसेल. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवा, डिझेल टाकी उतरवून लांब ठेवा.

नंतर तारेच्या ब्रशने घासा, उरलेल्या बारीक गंजावर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. डबीच्या भागात पातळ मेणाचं कोटिंग फवारा. पाणी निघायची भोकं उघडीच ठेवा. पावसाळ्यानंतर आणि वाळूत गाडी घातली असेल तर त्याच दिवशी, गोड्या पाण्याने खालून धुवा.

जिप्सीला २३५/७५ आर १५ टायर आणि लांब शॅकल लावून दोन इंच उचलली. आता पिकअप नाही, ब्रेक कमी वाटतात आणि स्टिअरिंग सैल झालंय. (पुणे)

जिप्सीचा २०५/७० आर १५ टायर साधारण ६६८ मिलिमीटर व्यासाचा. तुमचा ७३३. म्हणजे सुमारे दहा टक्के मोठा. प्रत्येक गिअर दहा टक्क्यांनी लांबला, म्हणून पिकअप गेला. मीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६६ ने जाताय. टायर जड आणि मोठा, त्याला थांबवायला ब्रेक मात्र तेच.

आणि मिळालं काय? एक्सलखालचा भाग जमिनीपासून फक्त ३३ मिलिमीटर वर आला, सव्वा इंचाहून जरासा जास्त. लांब शॅकलने तिथे काहीच वाढत नाही, वाढते ती फक्त बॉडीची उंची. उलट शॅकलमुळे एक्सल आपल्या जागी थोडा फिरला, कॅस्टर (चाक ज्या कण्यावर वळतं त्याचा तिरपा कोन) बदलला आणि स्टिअरिंग सरळ राहीनासं झालं.

मूळ शॅकल परत लावा. तोपर्यंत एक गोष्ट आजच करा: गाडी चेसिसवर उचलून चाकं पूर्ण लोंबू द्या आणि ब्रेकचा होज ताणतोय का ते बघा. ताणला असेल तर गाडी चालवू नका. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांना जिप्सी मूळ मापात पुरते, हलकेपण हाच तिचा गुण आहे.

सीजे ३बी जीपचं स्टिअरिंग पन्नासच्या वेगाला थडथडतं. टाय रॉड एन्ड (स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे) नवे टाकले, फरक नाही. फोर-व्हील टाकून चालवली तर बरी राहील का? (नागपूर)

पुढचं चाक जॅकवर घ्या, वरून-खालून धरून हलवा. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ. बहुतेक वेळा किंगपिनच निघतं. तिथे शिम (पातळ चकत्या) असतात, बेअरिंग बदलून ते नीट मोजून बसवावे लागतात. सोबत पाट्यांचे बुश आणि चाकांचं बॅलन्सिंग.

कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकू नका. या गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या दरम्यान डिफरन्शिअल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर जातात, तो फरक सोडायला चिखल किंवा वाळू लागते. डांबरावर तो सगळा पीळ ट्रान्सफर केस (दोन्ही एक्सलना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि शाफ्टच्या क्रॉसवर बसतो.

मी स्वतः १९८८ ची जीप दुरुस्त करतेय. दोन प्रश्न: नवं कॉमन रेल (आधुनिक पद्धतीचं डिझेल) इंजिन बसवावं का, आणि मिलिटरीसारखा हिरवा रंग द्यावा का? (नाशिक)

आधी इंजिन. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या परवानगीने बदलता येतं. शिवाय जास्त ताकदीचं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला आणि एक्सलला पेलत नाही. मूळ इंजिनच बोअर करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी हे काम करणारे उत्तम लेथवाले आहेत. दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करताना गाडी आरटीओला दाखवावी लागते, तेव्हा आरसीवरचा आणि गाडीवरचा इंजिन नंबर जुळायला हवा.

हिरव्या रंगाचं उत्तर नाही असंच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. दुसरा कुठलाही निवडा, आणि तो आरसीवरच्या नोंदीपेक्षा वेगळा असेल तर आरटीओत नोंद करून घ्या.

पण रंग सगळ्यात शेवटी. मी माझ्या पहिल्या जीपला आधी रंग दिला आणि मग ब्रेकचं काम काढलं. मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइल नव्या मडगार्डवर सांडलं. पुसेपर्यंत रंग फुगून वर आला होता, खाली पत्रा दिसत होता. तुमच्या पत्रात बॉडी उतरवलेली आहे असं लिहिलंय, म्हणजे ब्रेकची पूर्ण लाइन आत्ता हाताशी आहे. आधी ती नवी टाका, आणि पेडल दाबून धरून रात्रभर प्रेशर टिकतं का ते बघा. पेडल आणि सीटच्या मध्ये लाकडाचा एक दांडका अडकवला की झालं.