दसरा की दिवाळी, आधी ते सांगा

प्रश्न : वकीलसाहेब, माझी डिसेंबर २०११ ची पेट्रोल गाडी पुण्याच्या एका गॅरेजवाल्याकडून बॅटरीवर करून घेतली. दोन लाख पंच्याऐंशी हजार मोजले. २०२४ च्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाडी हाती आली. आरसीवर अजून पेट्रोलच आहे. ‘आरटीओचं मी बघतो काका’ म्हणणारा आता फोन उचलत नाही. परवा आरटीओच्या वायुवेग पथकानं अडवलं, ताकीद देऊन सोडलं. गाडी जप्त होईल का? दंड किती? विमा चालेल का? की सरळ विकून टाकू? (एक वाचक, ता. परतूर, जि. जालना)

उत्तर : अशी पत्रं बीडहून येतात, हिंगोलीहून येतात, आणि प्रत्येकात पहिला प्रश्न दंडाचा असतो. दंडाचं नंतर बघू. तुमचे पैसे परत मिळणार की बुडणार, हे तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका गोष्टीवर ठरणार आहे. गाडी नेमकी कोणत्या तारखेला ताब्यात मिळाली?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल झाली पाहिजे. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. म्हणजे तुमच्या ‘सुमारास’मध्ये तीन आठवड्यांचा खड्डा आहे. आणखी एक. ‘यंदाच्या दसऱ्यापर्यंत वेळ आहे’ असा हिशेब करत असाल तर तो आत्ताच मोडा. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यानं दसरा २० ऑक्टोबरला आहे आणि कायद्याची मुदत पंचांगानं मोजत नाहीत. तारीख सापडत नसेल तर १२ ऑक्टोबर २०२४ हीच धरा. त्या हिशेबानं शुक्रवार, ९ ऑक्टोबर २०२६ नंतर (पुढे शनिवार-रविवार आहे) माझ्यासारख्याकडे येऊन फारसा उपयोग नाही. खरं तर सप्टेंबरातच दाखल करा.

तुम्ही म्हणाल, त्याच्याशी बोलणं तर चालूच होतं. पाठवलेल्या व्हॉट्सॲपच्या पानांवरून दिसतंच ते : ‘होऊन जाईल काका’, ‘साहेब रजेवर आहेत’, ‘सोमवारी नक्की’. अशा बोलण्यानं मुदत थांबत नाही आणि पत्रव्यवहारानं वाढतही नाही. वकिलाची नोटीस पाठवली म्हणूनसुद्धा थांबत नाही. पुष्कळ जण नोटीस पाठवून उत्तराची वाट बघत बसतात आणि तेवढ्यात दोन वर्षं उलटून जातात. ग्राहक आयोगात जाण्याआधी नोटीस दिलीच पाहिजे असं बंधन नाही. द्यायची तर आठ दिवसांची द्या आणि नवव्या दिवशी दाखल करा. उशीर माफ करण्याची सोय त्याच कलमात आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागतं. समोरचा आशेला लावत होता, हे कारण आयोगाला सबळ वाटेलच असं नाही. किटचं (गाडीत बसवलेल्या मोटर-बॅटरीच्या संचाचं) प्रमाणपत्र आजही दिलेलं नाही, म्हणजे सेवेतली त्रुटी चालूच आहे, असा युक्तिवाद मी करीन. पण त्याच्या भरवशावर मुदत घालवू नका.

आता गॅरेजवाल्यानं नेमकं काय द्यायचं राहिलं ते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं बॅटरीवर गाडी करायला मनाई केलेली नाही. ठरवून दिलेल्या अटींवर किट बसवून करा, एवढंच ते म्हणतं. त्या अटींतली मुख्य अशी की किट एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे तपासून मान्य झालेलं असावं (पुण्यातली एआरएआय ही अशी तपासणी करणारी एक संस्था), तुमच्या मॉडेलला ते लागू असावं आणि किट बनवणाऱ्यानं नेमलेल्या माणसानंच ते बसवलेलं असावं. किट मान्य असल्याचा आणि नेमलेल्या माणसानं ते बसवल्याचा, हे दोन कागद हातात असतील तर आरसीवर इंधन बदलून घेणं हे कटकटीचं पण होण्यासारखं काम आहे. कागद नसतील तर जालन्याच्या आरटीओत कितीही खेटे घाला, कोणत्याही एजंटाला काहीही द्या, नोंद होणार नाही. बदल केल्यापासून चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते तर तुम्ही केव्हाच घालवलंत.

आणि तुमचं बिल! त्यावर हातानं लिहिलंय ‘बॅटरी व सामान, मजुरीसह’. किटचा नंबर नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, गाडीचा नंबरसुद्धा नाही. बैल घेताना आपण दात मोजतो, आणि इथं पावणेतीन लाखांच्या वर मोजून साधी पाटी वाचली नाही. आज पहिलं काम म्हणजे बॉनेट उघडून मोटर, कंट्रोलर आणि बॅटरीच्या पेटीवरच्या पाट्यांचे फोटो काढा. नंबर खरवडलेला असेल तर त्याचाही काढा.

तक्रार जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येते, कारण तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करायचा हक्क या कायद्यानं दिला आहे. पुण्याला जायची गरज नाही. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे, म्हणून फी शून्य. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. मागणी अशी लिहा : दोन्ही कागद देऊन आरसीवर नोंद होण्यासाठी लागेल ते करून द्यावं, नाहीतर किट काढून घेऊन पूर्ण रक्कम व्याजासह परत करावी. गाडीवर डेअरीचं दूध नेता असं लिहिलंत, म्हणून समोरचा ‘हा व्यापारी वापर आहे’ म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरत असाल तर ते उत्तर पुरावं, पण ते तक्रारीत आधीच लिहून टाका.

जुन्या इंजिनाचं तुम्ही एका ओळीत उरकलंत : ‘त्याच्याकडेच ठेवलं, दहा हजार वजा केले.’ पावती? नाही. अहो, आरसीवर त्या इंजिनाचा नंबर तुमच्या नावावर आहे. ते उद्या कोणत्या गाडीत निघेल, सांगता येत नाही. इंजिन कुठे आहे याचा लेखी खुलासा तक्रारीत मागा, आणि नंबर आरसीवरून जसाच्या तसा उतरवा.

व्हॉट्सॲप पुरावा म्हणून चालतं, पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. तो मोबाईल सांभाळा. पोराला गेम खेळायला देऊ नका आणि बदलू तर मुळीच नका.

निकाल कधी? कायद्यात तीन महिने लिहिलेत, तपासणी लागली तर पाच. आमच्या अशिलांना हे सांगितलं की ते हसतात, आणि मीही त्यांना गप्प करत नाही. समोरच्याचा वकील तारखा मागतो, मिळतात. म्हणून पहिल्याच तारखेला गाडी तज्ज्ञाकडून तपासून घेण्याचा अर्ज द्या. पुढे बॅटरी खराब झाली की ‘यांनीच बिघडवली’ म्हणायला तो मोकळा.

आता तुमचे प्रश्न. बेकायदा बदल केल्याबद्दल मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्यक्षात काय होईल ते अडवणाऱ्यावर आणि तुमच्या बोलण्यावर असतं, मी लिहून देणार नाही. विम्याचं त्याहून अवघड आहे. पॉलिसीवर पेट्रोल आणि गाडीत बॅटरी, तेव्हा स्वतःच्या गाडीचं नुकसान कंपनी नाकारण्याची शक्यता मोठी. दुसऱ्याला लागलं तर कंपनी आधी भरून नंतर तुमच्याकडून वसूल करू बघेल. नोंद होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका. दूध मोटारसायकलवर न्या.

डिसेंबर २०२६ मध्ये आरसीची पंधरा वर्षं भरतात. नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करायचा, आणि त्याला गाडी तपासणीला न्यावी लागते. तिथं झाकण उघडलं की सगळं दिसणारच. गंमत अशी की बॅटरीच्या गाडीला आरसी नूतनीकरणाची फी २०२१ पासून माफ आहे, पण तुमची गाडी कागदावर पेट्रोलचीच आहे.

न विचारता एक. गाडी आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) पंपाच्या स्टार्टरपेटीतून वायर ओढून चार्ज करता, शेतीपंपाचं बिल येत नाही म्हणून, असं फोटोत दिसतं. ती वायर आजच काढा. शेतीच्या जोडणीवरून गाडी चार्ज करणं वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. आकारणी दुप्पट दरानं होते आणि कधीपासून ते कळलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची धरतात. घरच्या मीटरवर चार्ज करायला हरकत नाही.

आणि विकण्याचं. पेट्रोलची म्हणून विकलीत तर घेणारा उद्या तुमच्यावरच फसवणुकीची तक्रार करेल. खरं सांगून विकलीत तर भंगाराचा भाव येईल, वर आयोगापुढे दाखवायला गाडीच उरणार नाही. निकालापर्यंत ती शेडमध्ये राहू द्या. गाडी ताब्यात घेतली त्या दिवशीचा एखादा फोटो, टोलची पावती किंवा बँकेतली शेवटची नोंद शोधा, आणि तारीख सापडली की मला कळवा.