वस्तुचित्रात जीव कसा येईल?

प्रश्न : तैलरंगात वस्तुचित्र शिकते आहे. काचेची बाटली, दोन लिंबं, मागे निळं कापड. आकार बरोबर येतात, पण चित्र निर्जीव वाटतं आणि रंग मळकट होतात.

उत्तर : आकार जमतायत ना, मग बारीक ब्रश आता बाजूला ठेवा. मीही कितीतरी वर्षं कडा कोरत बसले होते, आणि चित्रं गोठलेलीच राहिली. रुंद, सपाट ब्रश घ्या. दिवा एकाच बाजूला लावा आणि डोळे किलकिले करून बघा. बाटली आणि तिची सावली मिळून एकच गडद आकार दिसेल. तोच आधी मांडा, टर्पेंटाइननं पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगानं. जास्त तेलाचे जाड थर नंतर. उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडकतो.

मळकटपणा येतो तो ओल्या रंगावर ब्रश घोळवत राहिल्यानं. रंग पॅलेटवरच मिसळा, एक फटकारा मारा, ब्रश पुसा. लिंबाच्या सावलीत काळा नको, पिवळा त्यानं हिरवट होतो; किंचित जांभळा घालून बघा.

आणि सगळ्याच कडा ठळक कशाला? बाटलीची एक बाजू कापडात विरू द्या. जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) या इटालियन चित्रकारानं त्याच त्या बाटल्या आणि डबे कित्येक दशकं रंगवले. त्यांच्या कडा कुठे हरवतात ते निवांत बघा, मला त्याहून चांगला धडा माहीत नाही.

हीच मांडणी आता पाच वेळा करा, प्रत्येक वेळी फक्त ३० मिनिटं. पाचवं चित्र मला जरूर पाठवा.